सहकारमहर्षी पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

साखर कारखाना म्हटला की आष्टी तालुक्यातील माणसाला आधी कोयता आठवतो. दसरा-दिवाळी आटोपली की गावोगावची बिऱ्हाडे ट्रकमध्ये चढतात. भांडीकुंडी, अंथरुणे, शेळ्या, कोंबड्या आणि कडेवरची मुले, सगळेच बरोबर. नगर ओलांडून प्रवरेच्या, गोदावरीच्या, तर कधी थेट कृष्णेच्या काठी ही माणसे जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्यात आपल्या मोहल्ल्यांतील घरेही असतात. आम्हा शिक्षकांना हे वर्गातील रिकाम्या जागांवरून समजते. अशा तालुक्यातील मुस्लिम शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत साखर कारखाना काढणाऱ्या एका पाटलाचे चरित्र कशासाठी, असे कोणाला वाटेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर ओघात येईल.

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचा जन्म नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) लोणी बुद्रुक या गावी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, जुने शतक संपून नवे सुरू होण्याच्या सुमारास झाला. घर शेतकऱ्याचे. शाळा मराठी चार इयत्तांच्या पलीकडे फारशी गेली नाही. पुढे ज्यांच्या नावाने शाळा-महाविद्यालये उभी राहिली, त्यांचे स्वतःचे शिक्षण एवढेच होते. आपल्याकडे बी.ए., बी.एड. झालेल्यांनी (त्यात प्रस्तुत लेखकही आला) हे वाचून थोडे खाली मान घालायला हरकत नाही.

तो काळ सावकारीचा होता. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे दस्तऐवज जाळले होते. ती पिढी विठ्ठलरावांच्या लहानपणी गावागावांत हयात असणारच. दस्तऐवज जाळल्याने कर्जे संपली नाहीत. पुन्हा नवे कागद झाले, पुन्हा अंगठे उठले. 1904 साली सरकारने सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला, आणि विठ्ठलरावांनी हा कायदा आपल्या गावात वापरून पाहिला. 1923 साली लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी निघाली. तेव्हा ते ऐन पंचविशीच्या आसपास होते. गावातील माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि त्यातून गरजूला वाजवी दराने कर्ज द्यायचे, एवढाच व्यवहार. व्याजाच्या प्रश्नावर आपल्या समाजात दोन मते आहेत आणि तो विषय आलिमांचा आहे, माझा नव्हे. पण सावकाराच्या दारात टोपी काढून उभे राहण्यापेक्षा आपसांत पैसा जमवावा, ही गोष्ट बैतुलमालची कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना परकी वाटू नये.

पुढे पाणी आले. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. कालव्याकाठी ऊस हिरवागार दिसू लागला. परंतु पाणी आले म्हणजे पैसा आला असे होत नाही, हे आपल्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील लोकांना पटणे कठीण, तरी ते खरे आहे. उसाला खत, पाणीपट्टी आणि वर्षभराचा खर्च लागे. गुळाचे भाव 1930 च्या मंदीत कोसळले. बागायतदार कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षाही जास्त कर्जात बुडाला. 1932 साली परदेशी साखरेपासून देशी कारखान्यांना संरक्षण मिळाले, त्याचा लाभ भांडवलदारांच्या खाजगी कारखान्यांना झाला. हरेगावला बेलापूर कंपनी तर त्याआधीपासूनच होती. शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारमार्फत खंडाने घेऊन तिने मोठा मळा उभा केला होता. कालवा शेतकऱ्याच्या बांधाला, पण साखर दुसऱ्याच्या पोत्यात, अशी स्थिती होती.

या स्थितीवर विठ्ठलरावांनी काढलेला उपाय त्या वेळी अनेकांना वेडगळ वाटला असेल. शेतकऱ्यांनीच कारखाना काढावा! 1945 साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यावरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ. तेथून सहकारी कारखान्याच्या विचाराला बळ मिळाले.

शेअर गोळा करण्याचे काम मात्र परिषदेत होत नसते. ते ओट्यावर, खळ्यावर, बांधावर बसून करावे लागते. विठ्ठलराव आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. शंका कोणकोणत्या निघाल्या असतील याची कल्पना, कोणत्याही संस्थेची पावतीबुके घेऊन फिरलेल्या माणसाला सहज येईल. पैसे बुडाले तर काय, जमीन तर जाणार नाही ना, कारखाना चालवणार कोण, आणि शेवटी, यात तुमचा फायदा काय. आपल्या संस्थेच्या चंद्यासाठी हिंडताना हा शेवटचा प्रश्न आम्हालाही चुकलेला नाही. त्यावर विठ्ठलरावांपाशी एकच उत्तर होते : त्यांची दोन तपांची गावकी. पतपेढीचा पैसा ज्याने चोख सांभाळला, त्याच्या शब्दावर शेअरचा पैसा निघाला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण आपल्या सार्वजनिक जीवनात ती दुर्मिळ आहे. कारखाना उभा राहात असताना त्याचे अध्यक्षपद विठ्ठलरावांकडे सहज चालत आले असते. गावोगाव फिरले ते, लोकांचा विश्वास त्यांच्यावर. पण अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष राहिले. कर्ज देणाऱ्या संस्थांशी, मुंबई सरकारशी, यंत्रसामग्रीच्या व्यवहाराशी गाठ होती. त्या कामाला लागणारी विद्या आपल्याजवळ नाही हे त्यांनी ओळखले आणि ती ज्याच्याजवळ आहे त्याला वरच्या खुर्चीत बसवले. गाडगिळांनीही ती खुर्ची नुसती शोभेसाठी घेतली नाही. पहिली अनेक वर्षे त्यांनी कारखान्याचा कारभार जातीने पाहिला. मुंबई सरकारात त्या वेळी वैकुंठभाई मेहता हे अर्थ व सहकार खात्याचे मंत्री होते. त्यांचा सहकारावर भरवसा होता, म्हणून सरकारची साथही मिळाली. चार इयत्ता शिकलेला शेतकरी, पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ आणि मुंबईचा गांधीवादी मंत्री असे हे त्रिकूट जमले. आपल्या संस्थांमध्ये अध्यक्षपदावरून दोन-दोन गट पडतात, नोंदणी कार्यालयात बदल अर्जांचे ढीग पडतात आणि मुले तशीच राहतात. अधिक लिहीत नाही.

1948 साली कारखान्याची नोंदणी झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. 1950 च्या डिसेंबरअखेर प्रवरेचे गळीत सुरू झाले. लोणीजवळच्या त्या माळाला प्रवरानगर हे नाव मिळाले. भाषणांतून हा आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून सांगितला जातो. वास्तविक आंध्रात एटिकोप्पाका येथे सहकारी कारखाना 1930 च्या दशकातच निघाला होता. परंतु महाराष्ट्रात पहिला तो प्रवरेचाच, आणि त्याच्यामागून जी रांग लागली तिने या राज्याचे राजकारण व अर्थकारण बदलून टाकले. तेव्हा मोठेपणासाठी आशियाची जोड द्यायची गरज नाही.

1961 साली पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. पुढे कारखान्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. 1964 साली प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले. शेतकऱ्याच्या मुलाने शहरातील मुलांच्या तोडीचे शिक्षण गावातच घ्यावे हा त्यामागचा हेतू. त्यांच्या पश्चात, पुत्र बाळासाहेब विखे पाटील यांच्या काळात, 1984 साली लोणीत वैद्यकीय महाविद्यालयही निघाले.

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळतो. प्रवरेच्या सभासदाला शेअर मिळाला, कारण त्याच्याजवळ ऊस होता. जो ऊस तोडतो त्याच्याजवळ ऊस नाही, म्हणून त्याला शेअर नाही. सहकाराच्या कायद्यात हे सरळच आहे. पण नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाजवळची पाचटाची कोपी आणि बुडालेली शाळा, हे सारे त्या सरळ कायद्याच्या बाहेर राहिले. ज्या माणसाने सावकारी पाशातून बागायतदाराला सोडवले, त्याच्याच कामातून उभ्या राहिलेल्या धंद्यात आमच्या तालुक्यातील मजूर उचलीच्या कर्जात राहिला. याचा सगळा दोष विठ्ठलरावांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. एक माणूस एका आयुष्यात किती बांध फोडणार? पण चरित्र लिहिताना हे गाळले तर आष्टीत राहून लोणीचे चरित्र लिहिण्यात अर्थ नाही. साखर शाळा, हंगामी वसतिगृहे, कल्याण महामंडळ असे प्रयत्न पुढे झाले. ते पुरेसे नाहीत, हे नोव्हेंबरात आमचा कोणताही वर्ग पाहिला तरी कळते.

म्हणून संस्थेच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. आपण वसतिगृहासाठी एखाद्या मोठ्या देणगीदाराची वाट पाहात आहोत. लोणीच्या शेतकऱ्यांनी पाहिली नाही. आष्टी, कडा आणि आसपासच्या वस्त्यांतील प्रत्येक घराने जमेल तेवढा वाटा टाकावा, तोडीला जाणाऱ्यांनीही टाकावा, आणि आई-वडील फडावर असताना दहा-वीस मुले तरी, कोणत्याही समाजाची असोत, येथे राहून शिकतील एवढी सोय करावी. ज्याने वाटा टाकला तो दर वर्षी हिशेब मागेल. मागू द्यावा.

विठ्ठलरावांना आयुष्य दीर्घ लाभले. पतपेढीच्या पहिल्या वहीपासून राज्यभर पसरलेल्या कारखान्यांपर्यंत सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. 27 एप्रिल 1980 रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, आणि आपल्याकडची बिऱ्हाडे परतीच्या वाटेला लागलेली असतात.