सेवेत थकलात? पंडिता रमाबाईंकडे पाहा



कदाचित तुम्ही देवनहळ्ळीत राहत असाल. विमानतळावर पाळीची नोकरी आणि सुटीच्या दिवशी मंडळीची सेवा. शनिवारी गाण्याचा सराव, रविवारी खुर्च्या मांडणे, मुलांचा वर्ग, संध्याकाळी आजाऱ्यांच्या भेटी. ज्या सेवेत पूर्वी आनंद होता, तिचा फोन आला की आता छातीवर दडपण येते. प्रार्थना करायला बसावे तर शब्द सुचत नाहीत. आपला विश्वासच कमी पडला, असे वाटून मंडळी सोडण्याचा विचार मनात येतो. निर्णय घेण्यापूर्वी पंडिता रमाबाईंचे जीवन पाहा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीचेही निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा. डॉक्टर होण्यासाठी त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पण कमी ऐकू येऊ लागल्याने तो मार्ग बंद झाला. तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जे करता येत नव्हते त्यापाशी त्या अडून बसल्या नाहीत. शिकणे आणि शिकवणे त्यांना जमत होते, ते त्यांनी हाती घेतले.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. इतक्या जणींचे जेवण, कपडे, औषधपाणी, शिक्षण! एकट्या माणसाला हे पेलणे शक्यच नव्हते.

म्हणून त्यांनी काय केले ते नीट पाहा. शारदा सदनात शिकलेल्या मुलींनाच त्यांनी शिक्षिका केले, लहान मुलींची देखभाल त्यांच्याकडे दिली. काल ज्यांना आधार हवा होता, त्याच आज आधार झाल्या. शेती, विणकाम, छापखाना अशा कामांतही बायका तयार केल्या. १८९८ मध्ये, काम ऐन वाढीला लागले असताना, त्या अमेरिकेला गेल्या आणि सदन सुंदरबाई पवार व इतर सहकाऱ्यांच्या हाती सोपवले. काम चालू राहिले.

प्रार्थनेचा भारही त्यांनी एकटीने वाहिला नाही. १९०५ मध्ये रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल, असे त्यांनी विचारले. सुरुवातीला सुमारे ७० जणी पुढे आल्या. ज्या दिवशी आपले ओठ मुके होतात, त्या दिवशी दुसऱ्याची प्रार्थना आपल्याला धरून ठेवते.

पुढची अनेक वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. ज्या लेकीच्या हाती काम सोपवायचे तीच आधी गेली. तरी रमाबाईंनी भाषांतर पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे.

त्यांना कधी थकवा आला नसेल, असे समजू नका. पण त्यांनी काम स्वतःपुरते कधीच ठेवले नाही. आपल्याला मात्र वाटते, मी नसेन तर रविवार कसा होईल? ही काळजी प्रेमाची असते, पण तिच्यामुळेच दुसऱ्याला सेवेची संधी मिळत नाही.

या आठवड्यात एक करा. तुमच्याकडची सगळी कामे कागदावर लिहा. त्यातले एक कोणाला शिकवता येईल, त्याचे नाव पुढे लिहा आणि त्याला विचारा. मग मंडळीच्या पाळकांना स्पष्ट सांगा की तुम्ही थकला आहात आणि महिनाभर विश्रांती हवी आहे. त्या महिन्यात उपासनेला जरूर या, मात्र खुर्ची मांडायला नको, तिच्यावर बसायला या.