एल्मर कीथ : काडतुसाच्या पोटातला हिशेब

४ जुलै १९२५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. पहाटे उठून घराच्या वरच्या मजल्यावरून हवेत बार काढायचे आणि दिवसाचे स्वागत करायचे, असा बेत एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने केला होता. हातात कोल्ट कंपनीचे .४५ चे सहाबारी रिव्हॉल्व्हर होते आणि त्यात स्वत: घरी भरलेली, नेहमीपेक्षा जोरकस काडतुसे. पहिले बार सुटले आणि पुढच्याला रिव्हॉल्व्हर हातातच फुटले. फिरत्या नळकांड्याचा वरचा भाग आणि त्यावरची पोलादी पट्टी उडून गेली. दैव बलवत्तर म्हणून त्या तरुणाच्या जिवाला अपाय झाला नाही. दुसरा कोणी असता तर घरी काडतुसे भरण्याचा नाद त्याने त्याच दिवशी सोडला असता. या तरुणाने मात्र फुटलेल्या शस्त्राचे अवशेष तपासले, काय चुकले असावे याचा विचार केला आणि सारी हकीकत अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या ‘अमेरिकन रायफलमन’ या नियतकालिकात जाहीरपणे मांडली. त्या तरुणाचे नाव एल्मर कीथ. पुढे अर्धशतकभर अमेरिकेतील हौशी नेमबाज काडतुसांच्या बाबतीत ज्यांचा शब्द प्रमाण मानत आले, ते हेच कीथ.

एल्मर मेरिफील्ड कीथ यांचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसुरी राज्यातील हार्डिन या गावी झाला. कुटुंब पुढे पश्चिमेकडे, मॉन्टाना राज्यात गेले. तेथील मिझूला शहरात १९११ मध्ये ते राहत असलेल्या इमारतीला आग लागली आणि बारा वर्षांचा एल्मर भयंकर भाजला. तो वाचेल अशी आशा फारशी कोणाला नव्हती. तो वाचला, परंतु डावा हात विद्रूप झाला आणि भाजल्याच्या खुणा जन्मभर अंगावर राहिल्या. ज्या मुलाला साधी कामे करणेही कठीण जाईल असे वाटत होते, त्याने जिद्दीने हात वळता केला आणि बंदूक हाती धरली. पुढे तो गुराखी झाला, बेफाम घोड्यांना माणसाळवू लागला, शिकाऱ्यांना डोंगरांतून वाट दाखवू लागला. १९२० च्या दशकात ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे भरणाऱ्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांतही त्याने भाग घेतला.

घरी काडतुसे भरण्यामागे त्या काळी हौसेइतकीच गरजही होती. दूरच्या पशुपालकाला गावातल्या दुकानातून आणलेली काडतुसे महाग पडत. काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. बार उडाला की प्रायमर, दारू व गोळी संपते. पुंगळी मात्र शिल्लक राहते आणि सर्वांत महाग भाग तोच असतो. ती पुन:पुन्हा भरता येते. बार उडताना पुंगळी किंचित फुगते. तिला साच्यात दाबून मूळ मापाला आणायचे, जळालेला प्रायमर काढून नवा बसवायचा, तोंड किंचित रुंद करायचे, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची आणि पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळायचे, असा हा क्रम असतो. १८८४ मध्ये सुरू झालेल्या आयडियल कंपनीची पकडीसारखी हत्यारे आणि गोळ्या ओतण्याचे साचे अमेरिकेतील घराघरांत पोहोचले होते. १९२५ मध्ये ही कंपनी लायमन कंपनीने विकत घेतली.

त्या वर्षीच्या अपघाताने कीथ यांच्या विचारांना वळण मिळाले. .४५ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसाचे सहा कप्पे एकमेकांना इतके लगटून असतात की मधले पोलाद पातळ राहते. म्हणून त्यांनी किंचित लहान व्यासाच्या ‘.४४ स्पेशल’ काडतुसाकडे मोर्चा वळवला. तेवढ्याच आकाराच्या नळकांड्यात कप्प्याची भिंत आता जाड राहत होती. नुसती दारू वाढवून भागत नाही, गोळीचा आकारही बदलला पाहिजे, हेही त्यांनी ओळखले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी २५० ग्रेन, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम वजनाची, सपाट टोकाची आणि धारदार खांद्याची गोळी आखली. लायमनने तिचा साचा ४२९४२१ या क्रमांकाने बाजारात आणला. कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पाडणारी आणि लांब पल्ल्यावरही वाट न सोडणारी ही गोळी आजही हौशी नेमबाज ओततात. याच सुमारास फिलाडेल्फियाचे हॅरोल्ड क्रॉफ्ट हे शस्त्रांचे शौकीन कीथ यांना भेटण्यासाठी ऑरेगन राज्यातील त्यांच्या घरी आले. त्या सहवासातून बारीकसारीक सुधारणा केलेले एक रिव्हॉल्व्हर तयार झाले आणि ‘नंबर पाच’ या नावाने ते नेमबाजांच्या जगात गाजले.

१९२६ मध्ये लॉरेन रँडल यांच्याशी कीथ यांचा विवाह झाला होता. संसार ओढगस्तीचा होता. मंदीच्या वर्षांत गुरे, शिकारीतील वाटाड्याचे काम आणि नियतकालिकांतील लेखांचे तुटपुंजे मानधन यांवर घर चालत असे. पुढे हे कुटुंब आयडाहो राज्यात सॅमन नदीच्या खोऱ्यात स्थिरावले. शाळा-कॉलेजचे शिक्षण बेताचे, भाषा रांगडी, पण अनुभव कसदार. १९३६ मध्ये रिव्हॉल्व्हरची काडतुसे आणि ती भरण्याच्या पद्धती यांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे १९५५ मध्ये ‘सिक्सगन्स’ हा मोठा ग्रंथ आला.

कीथ यांच्या कामातील खरा पेच येथेच होता. ते पशुपालक होते, प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ नव्हते. बार उडताना कप्प्यात किती दाब निर्माण होतो, हे मोजण्याचे साधन त्यांच्या घरी नव्हते. पुंगळी अडकली का, प्रायमर सपाट झाला का, अशा खुणांवरून ते अंदाज बांधत. असा अंदाज कधीकधी फार उशिरा कळतो, हे त्यांनी स्वातंत्र्यदिनाच्या पहाटे अनुभवलेच होते. आपल्या जोरकस काडतुसांची माहिती ते छापून सर्वांपुढे ठेवत. परंतु कारखान्यांनी दाब मोजून, योग्य पोलादाची शस्त्रे घडवून, अशी काडतुसे स्वत: बाजारात आणावीत, हा त्यांचा धोशा होता.

कारखान्यांना भीती होती ती जुन्या शस्त्रांची. लाखो जुनी रिव्हॉल्व्हर लोकांच्या घरांत पडून होती. नवे जोरकस काडतूस त्यांत कोणी घातले तर अनर्थ होईल. यावर काढलेला तोडगा अत्यंत साधा होता. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘.३५७ मॅग्नम’ आणले. त्यामागे कंपनीचे डग्लस वेसन, लेखक फिलिप शार्प आणि कीथ यांचे परिश्रम होते. जुन्या ‘.३८ स्पेशल’पेक्षा या काडतुसाची पुंगळी सुमारे तीन मिलिमीटरने लांब ठेवण्यात आली. त्यामुळे ते जुन्या शस्त्राच्या कप्प्यात पुरते बसतच नाही. माणसाच्या सावधगिरीवर विसंबण्याऐवजी चूक घडूच नये अशी योजना मापातच करून ठेवलेली होती.

दुसऱ्या महायुद्धात कीथ यांनी युटा राज्यातील ऑग्डेन येथील शस्त्रागारात तपासनीस म्हणून काम केले. लष्करी बंदुका तपासून पास केल्यावर त्यांवर उमटणाऱ्या शिक्क्यात त्यांच्या नावाची आद्याक्षरे असत. असा शिक्का असलेल्या बंदुका संग्राहक आजही शोधत असतात. युद्धानंतर ‘.४४’ साठीचा त्यांचा पाठपुरावा पुन्हा सुरू झाला आणि अखेर रेमिंग्टन व स्मिथ अँड वेसन या कंपन्यांनी १९५५ च्या अखेरीस ‘.४४ मॅग्नम’ तयार केले. याही वेळी पुंगळी सुमारे तीन मिलिमीटरने लांब होती. १९७१ मध्ये क्लिंट ईस्टवूडच्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटात हेच काडतूस वापरणारे रिव्हॉल्व्हर झळकले आणि ज्यांनी आयुष्यात शस्त्राला हात लावला नव्हता, त्यांनाही त्याचे नाव ठाऊक झाले. त्यामागचा कीथ यांचा तीस वर्षांचा ध्यास मात्र नेमबाजांच्या वर्तुळापुरताच परिचित राहिला. १९६४ मध्ये आलेल्या ‘.४१ मॅग्नम’च्या पुरस्कर्त्यांतही ते आघाडीवर होते.

मोठी टोपी, तोंडात चुरूट आणि कमरेला रिव्हॉल्व्हर अशा थाटात वावरणाऱ्या कीथ यांच्यावर टीकाही भरपूर झाली. जखमी हरणाला सहाशे यार्डांवरून रिव्हॉल्व्हरने टिपल्याची त्यांची हकीकत अनेकांना अशक्य वाटली. शिकारीसाठी जड, मोठी गोळी हवी, हा त्यांचा आग्रह. तर हलकी, वेगवान गोळी पुरेशी असते, हे ‘आउटडोअर लाइफ’चे जॅक ओकॉनर यांचे मत. या दोघांचा वाद वर्षानुवर्षे गाजला. कीथ यांच्या काही जुन्या मिश्रणांत दाब मर्यादेपेक्षा अधिक होता, हे नंतरच्या मोजमापांतून स्पष्ट झाले. त्यांनी छापलेले जुने आकडे आज जसेच्या तसे उचलणे धोक्याचे मानले जाते.

कीथ यांच्या हयातीतच या छंदाचे रूप पालटू लागले. एका वेळी एकच क्रिया करणाऱ्या साध्या प्रेसवर तासाभरात पन्नास-शंभर काडतुसे तयार होतात. स्पर्धकाला ती अपुरी पडतात. १९३० च्या दशकात सॅन डिएगोच्या ‘स्टार’ कंपनीने क्रमाक्रमाने सर्व क्रिया करणारे यंत्र, म्हणजे ‘प्रोग्रेसिव्ह प्रेस’, बाजारात आणले होते; परंतु ते प्रामुख्याने पोलीस दले आणि नेमबाजी संघ यांच्या आवाक्यातले. १९८० च्या दशकात अ‍ॅरिझोनातील डिलन कंपनीच्या यंत्रांनी ते घरगुती टेबलावर आणले. त्यात एक गोल तबकडी फिरते. तिच्या प्रत्येक खाचेत एकेक पुंगळी असते आणि दांडा एकदा ओढला की पहिली पुंगळी मापात येते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, चौथीचे तोंड आवळले जाते. दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक तयार काडतूस बाहेर पडते. तासाला चारशे-पाचशे.

वेगाबरोबर धोकाही आला. साध्या प्रेसवर दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या समोर ओळीने मांडून प्रत्येकीत डोकावता येते. प्रोग्रेसिव्ह यंत्रावर चार क्रिया एकाच वेळी चालू असतात. मध्येच एखादी पुंगळी अडकली, तबकडी मागे-पुढे झाली, की एखादीत दारू दोनदा पडते किंवा मुळीच पडत नाही. पिस्तुलाच्या काडतुसात दारू इतकी थोडी लागते की दुप्पट पडली तरी अनेकदा सहज मावते आणि बाहेरून काहीच कळत नाही. अशा काडतुसाने शस्त्र फुटते. मुळीच दारू नसेल तर नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलून मधेच अडकवतो आणि त्यामागून आलेला पुढचा बार नळी फोडतो.

म्हणून या यंत्रावर नव्याने बसणाऱ्याला जाणकार पहिला सल्ला देतात तो सावकाश जाण्याचा. प्रारंभी तबकडीवर एकच पुंगळी ठेवून ती सर्व टप्प्यांतून न्यावी. दारू टाकणारे माप स्थिर होईपर्यंत प्रत्येक वजन काट्यावर पाहावे, पुढेही अधूनमधून तपासत राहावे. शक्यतो अशी फुगीर दारू निवडावी, की दुप्पट पडल्यास ती पुंगळीबाहेर सांडेल. गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत नजर जाईल अशा जागी दिवा लावावा. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा. प्रमाण नेहमी नव्या, छापील मार्गदर्शिकेतूनच घ्यावे आणि त्यातील किमान आकड्यापासून सुरुवात करावी. डोळ्यांवर चष्मा हवा, शिसे हाताळल्यावर हात धुवायला हवेत. काम मध्येच थांबले तर तबकडीवरच्या पुंगळ्या काढून बाजूला ठेवाव्यात. स्मरणावर विसंबू नये. हे सारे जेथे कायद्याने मान्य आहे तेथलेच. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून काडतुसे तयार होत आली, ती सरकारी कारखान्यात.

१९७३ मध्ये अमेरिकेतील उत्कृष्ट हँडगन नेमबाजासाठीचा पहिला पुरस्कार कीथ यांना देण्यात आला. १९७९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८१ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि १४ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या शस्त्रांच्या संग्रहाचा २०१५ मध्ये लिलाव झाला आणि ‘नंबर पाच’सह अनेक वस्तू नव्या मालकांकडे गेल्या.

कीथ यांनी मागे ठेवलेली शस्त्रे मौल्यवान आहेतच. परंतु त्यांच्या चाहत्यांना त्याहून मोलाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे १९२५ मधील तो लेख. तरुण, अनोळखी माणसाने आपली चूक झाकून न ठेवता फुटलेल्या रिव्हॉल्व्हरची हकीकत सर्वांपुढे मांडली. ती वाचून किती जणांनी आपापल्या टेबलावरची काडतुसे पुन्हा तपासली असतील, याची गणती कोठेही नाही. यंत्र तासाला चार काडतुसे देवो की पाचशे, प्रत्येक पुंगळीत डोकावण्याचे काम त्यावर बसलेल्या माणसालाच करावे लागते. फुटलेले रिव्हॉल्व्हर हातात धरून कीथ यांनी त्या पहाटे शिकलेला हा धडा आजच्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर बसणाऱ्यालाही तेवढाच लागू पडतो.