भास्कराचार्य आणि आलेखातले पोकळ वर्तुळ

अकरावीला मी लातूरला होतो. एके दिवशी सरांनी फळ्यावर एक आडवी रेषा काढली आणि तिच्यात एका ठिकाणी छोटे पोकळ वर्तुळ ठेवले. तेथे फलाला किंमत नाही, तरी सीमा मात्र आहे, असे ते सांगत होते. जेथे बिंदूच नाही तेथे सीमा कसली, हे मला उमगेना. आणि विचारण्याचे धैर्य नव्हते. पुढे गणित सोडून मी नांदेडला कला शाखेत आलो. येथे इतिहासाची टिपणे काढताना भास्कराचार्य भेटले आणि त्यांच्याबरोबर ते वर्तुळही परत आले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. त्यांचे गाव विज्जडवीड. काही विद्वान ते आपल्या मराठवाड्यातले बीड मानतात, काही चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर. (बीडच्या मित्रांनी क्षमा करावी, मला दुसरा पक्ष बळकट वाटतो.) वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' हा त्याचाच पहिला भाग. घटिकापात्रात अडकलेल्या मोत्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मला मात्र त्या ग्रंथातल्या एका उदाहरणाने अडवले.

एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिपटीने वाढवले आणि शून्याने भागले, तर त्रेसष्ट येतात; ती संख्या कोणती? उत्तर आहे चौदा. मी प्रथम हसलो. शून्याने गुणल्यावर उरते काय? पण आचार्यांचा दंडक असा की, पुढे क्रिया शिल्लक असेल तर शून्य लगेच गिळून टाकू नये, गुणक म्हणून जपून ठेवावे. मग शून्याच्या जागी अगदी लहान संख्या घेऊन पाहिली. एक दशांश घेतला, त्रेसष्ट आले. एक शतांश घेतला, पुन्हा त्रेसष्ट. उणे शतांशालाही तेच. वहीत आलेख काढला: त्रेसष्टच्या उंचीवर सरळ आडवी रेषा, आणि शून्यापाशी, जेथे शून्य भागिले शून्य होते, तेथे पोकळ वर्तुळ! दोन्ही बाजूंनी रेषा ज्या उंचीकडे येते ती सीमा. प्रत्यक्ष तेथे बिंदू असो वा नसो.

आचार्यांनी असा आलेख काढला नव्हता, आणि सीमेची काटेकोर व्याख्या युरोपात एकोणिसाव्या शतकात झाली. अभिमानाच्या भरात हे विसरू नये. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी 'खहर' म्हटले, ती अनंत मानली. पण एक भागिले क्ष याचा आलेख शून्याच्या उजवीकडून वर आणि डावीकडून खाली धावतो. तेथे एकच अनंत म्हणून भागत नाही. तरीही चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून दिवसभराची सरासरी न घेता त्या क्षणाची गती हवी, हे त्यांनी ओळखले होते. तेही सीमेच्याच वाटेवरचे पाऊल.

एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पुढे नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ काढला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

मी अजून पाटणला गेलेलो नाही. नांदेडहून मनमाडपर्यंत रेल्वेने जायचे, तेथून चाळीसगाव. दिवाळीच्या सुटीत निघायचा विचार आहे, वही बरोबर घेऊन.