वाटणीचा हक्क आणि न्यायमूर्ती तेलंग

मेहकर-चिखलीकडील कोणत्याही गावचे सातबारे पाहावेत. एकाच गटावर चार भाऊ आणि दोन पुतणे यांची नावे सापडतात. मध्ये बांध मात्र पडलेला नसतो. त्यांपैकी एखाद्याने आपला अविभक्त हिस्सा परक्यास विकला, की सारे घर हादरते. त्याला तसा अधिकार आहे काय, असे विद्यार्थी वर्गात विचारतात, आणि मला दर वेळी काशिनाथ त्र्यंबक तेलंग आठवतात.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत झाला. त्यांना निपुत्रिक चुलत्यांनी दत्तक घेतले होते. म्हणजे वारसाहक्काचा एक अध्याय ते कायदा शिकण्यापूर्वीच जगले होते. एल्फिन्स्टनमध्ये शिकून १८७२ साली ते उच्च न्यायालयात वकिली करू लागले. भगवद्गीतेचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८२ चे. आम्हा अर्थशास्त्राच्या मंडळींना त्यांचे १८७७ चे खुला व्यापार व संरक्षण यांवरील विवेचन अधिक जवळचे वाटते. दुर्दैवाने ते आज फारसे कोणी वाचत नाही. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १८८९ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

मुंबई इलाख्यात तेव्हा एक चमत्कारिक स्थिती होती. सहदायादाने आपला अविभक्त हिस्सा मोल घेऊन विकल्यास इतरांच्या संमतीची गरज नाही, असे सर मायकेल वेस्ट्रॉप यांच्या काळात १८७३ च्या पूर्णपीठाने ठरविले होते. दान मात्र करता येत नसे. विकत घेणाऱ्याला ठरावीक तुकड्यावर ताबा सांगता येत नाही; त्याने वाटणीचा दावा लावावा, हा त्यातला मार्ग. वऱ्हाड त्या न्यायालयाच्या कक्षेत नव्हता, तरी हिंदू कायद्याच्या बाबतीत येथे मुंबईचीच परंपरा मानली जाई.

पुढे कुलकर्णी घराण्यातील एका मुलाने वडील आणि चुलते यांच्याविरुद्ध वाटणीचा दावा आणला. वडिलांची त्यास संमती नव्हती. १८९२ च्या निर्णयखंडात छापलेल्या या खटल्यात बहुमताने मुलाचा हक्क नाकारला. तेलंगांनी भिन्न मत नोंदविले. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतः असेल, तर तो मागण्यासाठी वडिलांची परवानगी कशाला, अशी त्यांची भूमिका. हिस्सा विकावयास मुभा, पण मागावयास मनाई, ही विसंगती माझ्यासारख्या कायद्याबाहेरच्या माणसालाही खटकते. मद्रासने पुढे तेलंगांच्याच बाजूचा मार्ग धरला.

न्यायासनावर एवढे निर्भय असणारे तेलंग घरात मात्र तसे राहू शकले नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचे ते समर्थक होते, तरी स्वतःच्या मुलीचे लग्न त्यांनी लहान वयातच करून दिले. वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे ते नमले, असे सांगतात. सुधारकांनी त्यांना बोल लावला आणि तो अनाठायी नव्हता. मात्र एकत्र कुटुंबाचा दाब काय असतो, हे ज्याने सोसले, त्यानेच मुलाच्या स्वतंत्र हक्काची बाजू घ्यावी, यात मला ढोंग दिसत नाही.

१ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्याच वर्षी विभाजनाचा कायदा झाला. राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेऊन वाटणी मागितल्यास तो विकत घेण्याची संधी त्याने कुटुंबाला दिली. शेताला ते संरक्षण नव्हते. १९५६ च्या वारसा कायद्याचे बाविसावे कलम वारसांपैकी कोणी वारसाने आलेला हिस्सा विकू लागल्यास प्रथम वर्गातील इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क देते. ते शेतजमिनीसही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. मुली महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून सहदायाद आहेत; तेव्हा हा अग्रहक्क बजावण्याची वेळ आली, तर त्या रांगेत बहिणीही उभ्या असतात. तलाठी कार्यालयाबाहेर खरेदीखत घेऊन उभ्या असलेल्या भावाला हे बहुधा कोणी सांगितलेले नसते.