पदयात्रेआधीची तयारी

वर्धा जिल्ह्यातील वडनेरवरून जाणाऱ्या महामार्गाने आज हैदराबाद काही तासांत गाठता येते. याच जिल्ह्यातील पवनारहून १९५१ साली पंचावन्न वर्षांचा एक कृश माणूस हैदराबादकडे पायी निघाला, तेव्हा त्याला महिना लागला. आचार्य विनोबा भावे यांची ही पदयात्रा भूदानामुळे इतिहासात नोंदली गेली. ती पेलणारे शरीर कसे घडले, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. सर्फिंगला किंवा हिमालयात गिर्यारोहणाला जाण्यापूर्वी शहरातील तरुण काही आठवडे व्यायाम करतात. विनोबांची तयारी काही दशकांची होती.

रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांची प्रकृती मुळात नाजूक होती. बडोद्यात विद्यार्थी असताना त्यांना मैलोन् मैल चालण्याचा छंद जडला. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढल्याच वर्षी रजा घेऊन ते वाईला शास्त्राध्ययनासाठी गेले. तेथे अभ्यासाच्या जोडीने त्यांनी प्रकृती सुधारण्याचा नेम धरला. आधी रोज दहा-बारा मैल चालणे, मग जात्यावर सहा ते आठ शेर धान्य दळणे आणि त्यानंतर तीनशे सूर्यनमस्कार, अशी त्याची चढती श्रेणी होती. महाराष्ट्रातील गावे आणि किल्ले पाहत त्यांनी त्याच काळात सुमारे चारशे मैलांचा पायी प्रवासही केला.

१९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळण्यासाठी आले. पुढे नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी केला. तासन् तास बैठे काम आणि अपुरा आहार यांमुळे शरीर खंगत गेले. १९३८ मध्ये त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम चाळीस किलोंवर आले. गांधीजींना काळजी वाटली. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा पर्याय पुढे आला. विनोबांनी धाम नदीकाठचे पवनार निवडले.

तेथे त्यांनी मनावरील सारे भार बाजूला ठेवले आणि हाती कुदळ घेतली. पहिल्या दिवशी अवघी पाच मिनिटे खोदकाम, मग रोज थोडी थोडी वाढ आणि मध्येच थांबून विश्रांती, असा क्रम त्यांनी ठेवला. घाई केली नाही आणि खंडही पडू दिला नाही. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत गेले. आजच्या व्यायामशाळेत ताण हळूहळू वाढवावा असे शिकवतात. विनोबा शेतात तेच करीत होते.

स्वातंत्र्याच्या सुमारास ते पवनारहून जवळच्या सुरगावला रोज पायी जात आणि तेथे सफाईचे काम करीत. १९५० पासून आश्रमात बैलांविना, केवळ हातांनी शेती करण्याचा कष्टाचा प्रयोग सुरू झाला. शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाचे निमंत्रण आले, तेव्हा आतड्याचा जुना विकार असूनही तीनशे मैल चालत जाण्याचा निर्णय ते घेऊ शकले, तो या पायावर.

८ मार्च १९५१ रोजी पदयात्रा सुरू झाली. तेलंगणात त्या वेळी जमिनीवरून रक्त सांडत होते. मोटारीने जाणाऱ्याला दिसली नसती ती गावे त्यांनी पायी फिरून पाहिली. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी शंभर एकरांचे पहिले दान मिळाले आणि भूदान चळवळ जन्मली. त्यानंतर देशभर फिरून विनोबा पवनारला परतले ते एप्रिल १९६४ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी.

लाखो एकर जमीन त्यांनी मागून मिळविली. त्यातील बरीच वाटपाविना राहिली, हा त्या चळवळीवरील आक्षेप खराच आहे. पण जमीन मागण्यासाठी दररोज पहाटे नव्या गावाकडे निघण्याचे बळ मात्र मागून मिळालेले नव्हते. १९३८ साली पवनारच्या शेतात पाच-पाच मिनिटांनी ते कमावले गेले होते.