वेगाच्या देवाची फळी

11 फेब्रुवारी 2023 रोजी हुसेनसागरच्या काठाने फॉर्म्युला-ईच्या गाड्या धावल्या. या मालिकेची भारतातली ही पहिलीच शर्यत. गाड्या विजेवर चालणाऱ्या, मागे मोठमोठ्या कंपन्या, मोठाले ताफे. पण मोटर शर्यतींचं दुसरंही एक जग आहे. त्यात इंजिनिअरिंगची मुलं कॉलेजच्या शेडमध्ये रात्ररात्र जागून एका सीटची गाडी बांधतात आणि फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेत उतरतात. बक्षीस एकालाच मिळतं, इंजिन मात्र कुणाचंही बंद पडू शकतं. या दुसऱ्या जगाचा एक मूळपुरुष शोधायचा झाला तर मी बर्ट मन्रो यांचं नाव घेईन. त्यांचं वाहन चारचाकी नव्हतं, मोटरसायकल होती. पण इंजिन बांधायचं, पळवून बघायचं, मोडलं की पुन्हा बांधायचं, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म 25 मार्च 1899चा, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलचा. जुळी बहीण जन्मतःच गेली. बालपण जवळच्या एडनडेल गावी, शेतावर. वडील ओरडत असले तरी हा मुलगा घरातला सगळ्यात वेगवान घोडा शेतातून पळवायचा. घोड्यानंतर मोटरसायकल आली आणि 1920 साली आयुष्यभराची सोबतीण मिळाली. ती म्हणजे इंडियन स्काउट. नाव इंडियन असलं तरी आपला तिच्याशी काही संबंध नाही बरं का! अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात तयार झालेली ती गाडी. तेव्हा मन्रो 21 वर्षांचे होते, म्हणजे आपल्या वर्गातल्या कुणाच्याही वयाचे.

कारखान्यातून आली तेव्हा तिचं इंजिन 600 सीसीचं होतं आणि ती ताशी साधारण 89 किलोमीटर पळायची. 1926पासून मन्रो यांनी तिच्यात बदल करायला सुरुवात केली. पुढची पन्नास वर्षं ते काम संपलं नाही.

नेमकं करत काय होते ते? इंजिनमध्ये इंधन आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं, पेटतं, पिस्टनला ढकलतं आणि धूर होऊन बाहेर पडतं. स्काउटच्या मूळ रचनेत झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्यामुळे मिश्रणाला वळसा घालून आत यावं लागे आणि ते जास्त दाबताही येत नसे. मन्रो यांनी झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या. वाट सरळ झाली, दाब वाढवता आला, ताकद वाढली. हळूहळू इंजिनही 950 सीसीपर्यंत वाढलं.

ताकद वाढली की दुखणी वाढतात. इंजिनच्या फेऱ्या दुप्पट केल्या की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर त्यांच्याच वजनामुळे येणारा ताण चौपट होतो. पिस्टन तापून फुगतो. सिलिंडरमध्ये फट कमी ठेवली तर तो अडकतो, जास्त ठेवली तर दाब निसटतो. ओतकामात हवेचा एखादा बुडबुडा राहिला तर नेमका तिथेच तडा जातो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण किती फट, किती जाडी, ते मोडल्याशिवाय कळत नाही. मन्रो यांच्याकडे इंजिनची ताकद मोजणारं यंत्र नव्हतं. चाचणी घ्यायची जागा म्हणजे ओरेटीचा समुद्रकिनारा. ओहोटीला कडक झालेल्या वाळूवर गाडी सोडायची, काय मोडतंय ते बघायचं आणि मोडलेलं घेऊन घरी यायचं.

पैसे नव्हतेच. मोटरसायकलच्या दुकानात विक्रेता आणि मेकॅनिक म्हणून दिवसभर नोकरी, रात्री स्वतःचं काम. पिस्टन ते स्वतः ओतायचे, साचा म्हणून जुने डबे. सिलिंडर गॅसच्या बिडाच्या जुन्या पाइपातून केले. कनेक्टिंग रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसातून हाताने कापून, घासून काढले. मायक्रोमीटर म्हणून चाकाचा जुना आरा वापरला. मूळ इंडियन कंपनीचं उत्पादन 1953 साली बंद पडलं. त्यांचं काम मात्र अडलं नाही. सुटे भाग ते केव्हापासून घरीच बनवत होते.

आपल्याकडे याला लगेच जुगाड म्हणतील. मला ते पटत नाही. जुगाड म्हणजे आजचं काम भागवणं. गाडी घरापर्यंत पोचली की जुगाड विसरला जातो. मन्रो यांचं काम भागण्यासाठी नव्हतंच. साधनं गरिबाची होती, माप मात्र गरीब नव्हतं. डब्यात ओतलेला पिस्टनसुद्धा हवा तेवढाच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. बालानगरच्या एखाद्या छोट्या शेडमध्ये लेथवर उभा असलेला कारागीर आठवा. त्याची शेड गळकी असेल, पण त्याच्या हातचा जॉब मापात बसतो. मन्रो त्या जातीचे.

त्यांच्या शेडमध्ये एक फळी होती. फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड, चिरलेले भाग असं सगळं तिच्यावर ओळीने मांडलेलं. हे सगळं वेगाच्या देवाला वाहिलंय, अशा अर्थाची पाटीही होती. गंमत म्हणून लिहिली असेल. पण वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचे हात-पाय वाहताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना ती फळी चटकन कळते. फरक एवढाच की आपण वाहतो ती बरं होण्याची आशा, आणि त्यांनी वाहिलं ते प्रत्यक्ष मोडलेलं. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला ती फळी खोडलेल्या मसुद्यांसारखी वाटते. फरक हा, की आपण आपले मसुदे लपवतो.

या सगळ्याची किंमत होती, ती नाकारून चालणार नाही. 1927 साली लग्न झालं, चार मुलं झाली. 1940च्या दशकात तो संसार मोडला. त्याच दशकाच्या शेवटी नोकरीही सोडली आणि ते शेडमध्येच राहू लागले. दिवसरात्र काम करायला आता कुणाची आडकाठी नव्हती. हे स्वातंत्र्य की एकटेपण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

अमेरिकेत यूटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. आटलेल्या सरोवराचा तो तळ, मैलोन्‌मैल सपाट. वेगाचे विक्रम तिथे होतात. मन्रो जहाजाने तिथे पोचले आणि 1962 साली, 63व्या वर्षी, पहिल्यांदा विक्रमासाठी उतरले. छातीचं दुखणं तोवर मागे लागलं होतं. समुद्रसपाटीवर जुळवलेलं इंजिन इथे तसंच चालणार नव्हतं, कारण ते मैदान जवळजवळ महाबळेश्वरइतक्या उंचीवर आहे. हवा विरळ, म्हणजे इंधनाचं प्रमाण नव्याने बसवणं आलं. शिवाय वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद लागते. तेवढी ताकद एका जुन्या इंजिनमधून कुठून आणणार? म्हणून त्यांनी गाडीला माशाच्या आकाराचं कवच चढवलं. त्या कवचात ते पोटावर झोपून चालवत. एका धावेत गाडी डळमळू लागली आणि शेवटी त्यांना ती मिठावर आडवी घालावी लागली. तरी पुन्हा आले.

1962 साली ताशी सुमारे 288 किलोमीटर. 1966 साली 1000 सीसीच्या गटात 270. आणि 1967 साली, वयाच्या 68व्या वर्षी, त्याच गटात ताशी 295 किलोमीटरच्या वर. एका दिशेच्या धावेत तर गाडीने 305 ओलांडले. गाडी तीच, 1920 सालची.

1977 साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांची जुळणी बिघडली, तेव्हा गाड्या त्यांनी गावातल्याच व्यापाऱ्याला विकल्या. 6 जानेवारी 1978 रोजी ते गेले. 2005 साली त्यांच्यावर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा सिनेमा आला आणि जगाला नाव माहीत झालं. सिनेमात बॉनव्हिलच्या अनेक वाऱ्यांची एकच वारी केलेली आहे. ते सिनेमाला शोभतं, पण खरी गोष्ट त्या अनेक वाऱ्यांमध्ये आहे.

यानंतरही एक माप दुरुस्त व्हायचं राहिलं होतं. विक्रमासाठी दोन उलट दिशांच्या धावांची सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा फिटतो. 1967 सालच्या विक्रमात ही सरासरीच चुकली होती. मुलगा जॉन यांच्या ते लक्षात आलं आणि 2014 साली, वडील जाऊन 36 वर्षं झाल्यावर, अमेरिकन मोटरसायकल संघटनेने आकडा सुधारला. 295.45च्या जागी 296.26. फरक ताशी एक किलोमीटरचाही नाही. पण ज्या घरात केसभराचं माप चालत नव्हतं, त्या घरातल्या मुलाला तो दिसला.