तुळशीरामला पाहून पळालेला माणूस

बाबा आमटे म्हटलं की आनंदवन आठवतं, मोठमोठे पुरस्कार आठवतात. पण त्या सगळ्याच्या आधी एक घाबरलेला तरुण वकील होता. पेशंटजवळ जाताना ज्याच्या पोटात गोळा येतो, अशा प्रत्येकाने या तरुणाची गोष्ट वाचायला हवी.

वरोऱ्यात एकेकाळी एक भन्नाट वकील राहायचा. शिकारीचा नाद, हाताशी स्पोर्ट्‌स कार आणि त्या कारच्या सीटवर चक्क बिबट्याचं कातडं! हॉलिवूडच्या सिनेमांचं तर वेडच. 'पिक्चरगोअर' नावाच्या इंग्रजी मासिकासाठी तो परीक्षणंही लिहायचा. आज असता तर इन्स्टावर फॉलोअर्सना तोटा नसता. मुरलीधर देवीदास आमटे हे त्याचं नाव. जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घर श्रीमंत जमीनदारांचं. लहानपणापासून त्याला घरात बाबा म्हणायचे, पुढे सगळं जगच बाबा म्हणायला लागलं.

बाबांना भीती हा प्रकार माहीत नव्हता. रेल्वेत गोरे सोल्जर एका बाईची छेड काढत होते, तेव्हा बाबा एकटे त्यांच्या अंगावर गेले, मार खाल्ला, पण मागे हटले नाहीत. गांधीजींच्या कानावर ही हकिकत गेली आणि त्यांनी बाबांना नाव दिलं, अभयसाधक. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्यांचे खटले बाबांनी लढवले. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचं आयुष्य समजून घ्यायचं म्हणून स्वतः मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या. थोडक्यात, कोणत्याही सिनेमात शोभेल असा हिरो.

आणि मग एका पावसाळी रात्री हा हिरो पळाला.

गटारातला माणूस

काम आटोपून घरी परतताना रस्त्याकडेच्या गटारात बाबांना काहीतरी पडलेलं दिसलं. आधी वाटलं, चिंध्यांचं गाठोडं असेल. जवळ गेल्यावर कळलं, माणूस आहे. हातापायाची बोटं झडलेली, जखमांत अळ्या पडलेल्या. कुष्ठरोगाच्या शेवटच्या अवस्थेतला तुळशीराम. बाबा दचकले आणि सरळ घराकडे धावत सुटले.

घरी पोचले खरे, पण चैन पडेना. थोड्या वेळाने ते परत आले. तुळशीरामवर पावसापासून आडोसा केला, त्याला खाऊ घातलं, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही.

आपल्याकडे ही गोष्ट सहसा इथेच संपते. बाबा परत आले, सेवा केली, महान झाले. पण खरी गोष्ट पुढे आहे. सेवा करूनही बाबांची भीती गेली नव्हती! पुढचे कित्येक महिने ती त्यांना छळत राहिली. इंग्रजांना न घाबरणारा माणूस एका मरणाऱ्या, निराधार माणसाला घाबरला होता. ही लाज त्यांना पचत नव्हती. साधनाताईंशी लग्न १९४६ मध्ये झालेलं, घरात लहान मुलं. तरी त्यांनी मनातलं सगळं साधनाताईंसमोर उघडं केलं. जिथे भीती आहे तिथे प्रेम असू शकत नाही, म्हणून आता ज्याची भीती वाटते त्याच्याच सोबत राहायचं, असं दोघांनी ठरवलं.

म्हणजे बघा, आनंदवनाची सुरुवात दयेतून झालेली नाही. आपल्या मनात काय चाललंय हे एका माणसाने प्रामाणिकपणे तपासलं, त्यातून ती झाली.

भीतीवर अभ्यास

बाबांनी भीतीला नुसतं धैर्याने उत्तर दिलं नाही, अभ्यासाने दिलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण कुष्ठरुग्णांची सेवा करत होते, तिथलं काम बाबांनी पाहिलं. १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा कोर्स करायला गेले. वकील माणूस, पस्तिशीला आलेला, डॉक्टरांच्या वर्गात बसला!

तेव्हा संशोधकांपुढे एक मोठी अडचण होती. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधला होता, पण तो काचेच्या बशीत वाढवता येत नव्हता. (तो आजही तसा वाढत नाही.) प्राण्यांमध्येही तो वाढवायचं तंत्र तेव्हा सापडलं नव्हतं. मग लस किंवा औषध तपासायचं कशावर? बाबांनी स्वतःचं शरीर पुढे केलं. त्यांना जंतू टोचले गेले. रोग झाला नाही.

आज कुठलीही एथिक्स कमिटी अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही आणि ते बरोबरच आहे. दोन लहान मुलांच्या बापाने असं करावं का, हाही प्रश्न आहेच. पण आता आपल्याला जे माहीत आहे ते त्या फसलेल्या प्रयोगाशी जुळणारं आहे. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. कुष्ठरोग सहजासहजी लागत नाही. ज्या भीतीपायी हजारो लोक घराबाहेर काढले गेले, तिला फारसा आधारच नव्हता.

सहा पेशंट, चौदा रुपये

महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली. वरोऱ्याजवळ सरकारने दिलेल्या खडकाळ जमिनीवर जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. आजूबाजूला झुडपी जंगल, साप, विंचू. पाणी नव्हतं म्हणून आधी विहीर खोदायला घेतली. खोदणारे कोण? बाबा, साधनाताई आणि तेच सहा जण.

पेशंटच्या हातात कुदळ देणं हे तेव्हा अनेकांना विचित्रच वाटलं असणार. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, जखम झाली तरी दुखत नाही. म्हणून काम जपून करावं लागतं, रोज हातपाय तपासावे लागतात, ड्रेसिंग करावं लागतं. ते सगळं होतंच. पण बाबांचं म्हणणं असं की, आयतं खाऊ घातलं तर माणूस आतून मरतो. त्याने स्वतः पिकवलेलं खाल्लं की त्याची मान वर होते.

गंमत म्हणजे त्याच काळात हजारो मैलांवर अमेरिकेत हिल्डेगार्ड पेप्लाउ नावाची एक नर्स याच प्रश्नावर डोकं लढवत होती. मनोरुग्णांसोबत काम केलेल्या पेप्लाउंचं 'इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग' हे पुस्तक १९५२ मध्ये आलं. लिहून चार वर्षं झाली होती, पण एका नर्सने डॉक्टरला सोबत न घेता पुस्तक छापावं, हेच तेव्हा लोकांना झेपत नव्हतं! नर्स आणि पेशंट यांचं नातं हाच उपचाराचा भाग आहे, असं त्यांनी मांडलं. दोघं अनोळखी म्हणून भेटतात, हळूहळू एकत्र काम करतात आणि शेवटी पेशंट स्वतःच्या पायावर उभा राहून निरोप घेतो. नर्सच्या मनातली धास्ती पेशंटपर्यंत पोचते, म्हणून नर्सने आधी स्वतःकडे बघायला शिकलं पाहिजे, हेही त्यांनी सांगितलं. मानसिक आरोग्याच्या नर्सिंगमध्ये हे आजही शिकवतात. वरोऱ्याच्या वकिलाने तुळशीरामनंतर जे केलं ते हेच होतं.

निरोपाचं काय?

पण पेप्लाउंच्या मांडणीतली शेवटची पायरी, म्हणजे निरोप, आनंदवनात अडली. औषधाने पेशंट बरे होत होते, पण परत जाणार कुठे? घरचे दार उघडत नव्हते. आनंदवनात पिकलेली भाजी घ्यायलाही सुरुवातीला गावातले लोक तयार नव्हते. १९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक आले, पेशंटच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम करू लागले, त्यांच्यासोबत राहिले. ते बघून वरोऱ्याचा संकोच हळूहळू ओसरला.

आनंदवन मोठं होत गेलं याचा आपण अभिमान बाळगतो, बाळगायलाच हवा. पण ते मोठं होत गेलं याचा दुसरा अर्थ, बाहेरची घरं बंदच राहिली. बाबांनी यावर शोधलेला उपाय जबरदस्त होता. लोक पेशंटला गावात घेत नाहीत ना, मग गावालाच पेशंटकडे आणू. साठच्या दशकात आनंदवनात आनंद निकेतन कॉलेज उभं राहिलं. ज्यांच्या स्पर्शाला लोक घाबरायचे त्यांच्या हातांनी भिंती रचल्या आणि त्यात वरोऱ्याच्या परिसरातली धडधाकट पोरं शिकायला आली. मूलजवळच्या सोमनाथला १९६७ पासून तरुणांची श्रमसंस्कार शिबिरं भरू लागली. १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया भाषा शिकले. बोलणंच कळत नसेल तर नातं जुळणार कसं?

पुढे बाबा स्वतःच पेशंट झाले. मणक्याच्या आजाराने बसणं अशक्य झालं. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तशाच अवस्थेत १९८५ मध्ये शंभराहून जास्त तरुण-तरुणींना घेऊन त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली, स्वतः गाडीत झोपून! आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा केलेल्या माणसाला आता रोजच्या साध्या गोष्टींसाठी दुसऱ्यांचे हात लागत होते. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनातच ते गेले. त्यांचं दहन केलं नाही, आनंदवनाच्या मातीतच त्यांना पुरलं.

हा जुना इतिहास आहे असं वाटत असेल तर एक लक्षात घ्या. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या कायद्यातून निघाली ती थेट २०१९ मध्ये. चंद्रपूर-गडचिरोलीत या रोगाचे पेशंट आजही सापडतात. आणि मानसिक आजाराचं नाव निघालं की आपल्या घरांमध्ये काय होतं, ते वेगळं सांगायला नको. तेच दार बंद करणं, तेच लपवणं, तेच सोयरीक मोडेल म्हणून गप्प बसणं.

तुमच्यापैकी जे नर्सिंगला आहेत त्यांची कधी ना कधी मनोरुग्णांच्या वॉर्डात पोस्टिंग लागेल. पेशंटशी काय बोलणं झालं त्याचं प्रोसेस रेकॉर्डिंग लिहावं लागेल. पहिल्या दिवशी भीती वाटली तर ती लपवू नका. पेशंट काय बोलला ते लिहालच, त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं तेही लिहा, मॅडमना दाखवा, मैत्रिणीशी बोला. आणि दुसऱ्या दिवशी परत वॉर्डात जा. बाबाही त्या रात्री परत गेले होते.